विश्लेषण : दहा दिवसांच्या बाळाच्या मृत्यूने आनंदीबाई जोशींचे आयुष्य कसे बदलले?

अमेरिकेत जाऊन वैद्यकीय पदवी मिळवणारी पहिली भारतीय महिला ही डॉ. आनंदीबाई जोशी यांची ओळख शाळेपासून पाठ असते. २०१९ मध्ये आलेल्या ‘आनंदी गोपाळ’ या चित्रपटामुळे नव्या पिढीलाही त्यांची गोष्ट कळली. मात्र त्या डॉक्टर होण्याआधी आई झाल्या होत्या, वयाच्या चौदाव्या वर्षी. त्यांचा मुलगा अवघे दहा दिवस जगला. चरित्रात ही घटना बहुतेक वेळा एका ओळीत उरकली जाते आणि पुढची ओळ थेट शिक्षणाची असते.

चौदाव्या वर्षी आई?

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचे लग्न पोस्ट खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव विधुर आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. त्या काळाच्या मानाने यात वेगळे काही नव्हते. १८६० च्या दंडसंहितेत मुलींसाठी संमतिवय दहा वर्षे होते आणि ते बारा करायलाच १८९१ उजाडले.

मुलगा झाला, पण योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही आणि तो दगावला. घरोघरी बाळंतपणे सुईणीच्या हातून होत. पुरुष डॉक्टरकडून तपासून घेणे बायकांना मान्य नव्हते आणि स्त्री डॉक्टर जवळपास नव्हत्याच. बाळ जगेल की नाही याची धास्ती इतकी, की पाचवी-सहावी पुजल्याशिवाय घराला धीर येत नसे. बारसे बाराव्या दिवशी. दहाव्या दिवशी गेलेल्या बाळाला तर नाव ठेवण्याचीही वेळ येत नाही.

आईच्या शरीरावर आणि मनावर काय परिणाम होतो?

बाळ गेल्याचे आईच्या शरीराला कळत नाही. प्रसूतीनंतर साधारण दोन ते चार दिवसांत दूध उतरते आणि पाजायला बाळ नसले तरी काही दिवस येतच राहते. छाती दाटून येते, दुखते, कधी ताप भरतो. रक्तस्राव सुरू असतो. अंगातील संप्रेरके झपाट्याने खाली येत असतात आणि याच काळात दुःखाचा घाव बसलेला असतो. झोप उडणे, दुसऱ्याच्या बाळाचे रडणे सहन न होणे, आपलेच काहीतरी चुकले असे सतत वाटणे हे अनेक मातांच्या बाबतीत दिसते. अशा मातांमध्ये नैराश्य आणि चिंताविकाराचा धोका वाढतो, हे आज वैद्यकशास्त्र मान्य करते. ‘अजून वय आहे, दुसरे होईल’ असे घरचे समजावतात, पण त्याने गेलेल्या बाळाबद्दल बोलण्याची वाटच बंद होते.

आनंदीबाईंनी पुढे या मृत्यूबद्दल मोजकेच लिहिले. मूल गेल्याने बापाचे फारसे काही बिघडत नाही, आईला मात्र ते जायला नको असते, अशा आशयाचे त्यांचे मत होते. गोपाळरावांच्या छायेत वावरणाऱ्या मुलीने नवऱ्याच्या आणि स्वतःच्या दुःखात इतका स्पष्ट फरक करावा, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांना पुन्हा मूल झाले नाही.

दुःखातून थेट डॉक्टरकीकडे?

लोकप्रिय कथा तशीच सांगितली जाते, पण वाट इतकी सरळ नव्हती. बायकोला शिकवण्याचा गोपाळरावांचा हट्ट लग्नापासूनचा होता आणि त्यासाठी ते कठोरही होत. अमेरिकेची दारे ठोठावली तीही त्यांनीच, मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहून. हा पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या मासिकात छापून आला. न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांनी तो दंतवैद्याकडे थांबल्या असताना वाचला आणि मदतीचा हात पुढे केला. शिकायचे ठरले गोपाळरावांच्या आग्रहाने, पण वैद्यकच शिकायचे यामागे बाळाचा मृत्यू होता, असे मानायला जागा आहे.

फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी जाहीर भाषण केले. हिंदू स्त्रियांना स्त्री डॉक्टर का हव्यात, हाच त्याचा गाभा होता. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या, गोपाळरावांशिवाय. फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात त्यांना प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, तेव्हा पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या. प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला होता तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा.

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री विभागाची जबाबदारी त्यांना मिळाली, पण तोवर क्षयाने गाठले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस पूर्ण व्हायला महिना बाकी होता. एकाही बाळंतिणीवर कोल्हापुरात त्यांना उपचार करता आले नाहीत. त्यांच्या अस्थी कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे पुरण्यात आल्या.

आज काय स्थिती आहे?

जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूला नवजात मृत्यू म्हणतात. केंद्राच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये देशात दर हजार जिवंत जन्मांमागे असे २० मृत्यू झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने, मृत बाळ जन्मल्यास किंवा जन्मानंतर २८ दिवसांच्या आत बाळ दगावल्यास, आपल्या महिला कर्मचाऱ्यांना ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा लागू केली. बाळ गेल्यानंतर आईलाही सावरायला वेळ लागतो, हे त्या आदेशात कारण म्हणून नोंदवले आहे.