भिंतीपलीकडचं ऐकणारा माणूस

सुरुवातीलाच कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्या!

दिवाळीच्या सुट्टीआधी महिनाभर रोज रात्री साताऱ्याहून बाबांचा फोन यायचा. तक्रार एकच, नेट चालत नाही. मी इथे सांगलीत, होस्टेलच्या मेसमध्ये ताट हातात धरून एकच उपाय सांगायचे, राउटर बंद करून परत चालू करा. थोडा वेळ बरं चालायचं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. एक दिवस ताईची नोकरीची ऑनलाइन मुलाखत मधेच तुटली आणि घरात रडारड झाली. बाबांनी नेटवाल्या पोराला नको नको ते सुनावलं. मग माझा नंबर! तीन वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकून उपयोग काय, म्हणाले.

सुट्टीला घरी जाताना एसटीत सबमिशनसाठी वायरलेसचा इतिहास वाचत होते. त्यात सर जगदीशचंद्र बोस भेटले. झाडांना संवेदना असतात असं म्हणणारे शास्त्रज्ञ, एवढीच माझी त्यांच्याशी ओळख. त्यांचा आणि वायरलेसचा काय संबंध? वाचता वाचता कराड कधी मागे पडलं ते कळलंच नाही.

जगदीशचंद्रांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 चा, तेव्हाच्या पूर्व बंगालमधला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. मनात आणलं असतं तर त्यांनी मुलाला इंग्रजी शाळेत घातलं असतं. पण आधी मातृभाषा यायला हवी म्हणून त्यांनी त्याला साध्या बंगाली शाळेत पाठवलं. शेजारी शिपायाचा मुलगा, पलीकडे कोळ्याचा मुलगा. (हे वाचून माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीला जरा ओशाळायला झालं.) पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्समध्ये फादर लाफों यांनी त्यांना फिजिक्सची गोडी लावली. मग ते इंग्लंडला गेले ते डॉक्टर व्हायला. पण तब्येतीने साथ दिली नाही, म्हणून मेडिकल सोडून केंब्रिजला विज्ञान शिकले. तिथे त्यांना लॉर्ड रॅले यांच्यासारखे गुरू मिळाले.

1885 मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. तेव्हा भारतीय प्राध्यापकाला युरोपियन प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार मिळायचा. यांची नेमणूक हंगामी, म्हणून त्याचाही निम्मा! जगदीशचंद्रांनी भांडण केलं नाही, मोर्चा काढला नाही. त्यांनी पगार घ्यायचंच नाकारलं. तीन वर्षं रोज वर्गावर जायचे, मन लावून शिकवायचे, पण पगाराला हात लावायचा नाही. घरात वडिलांच्या फसलेल्या धंद्यांचं कर्ज होतं, लग्नही नुकतंच झालेलं. शेवटी सरकारला नमावं लागलं. मागच्या तारखेपासून पूर्ण पगार मिळाला आणि तो त्या कर्जात गेला.

संशोधनाला मात्र त्यांनी उशिरा हात घातला. 1894 मध्ये छत्तिसाव्या वाढदिवसाला त्यांनी ठरवलं, आता यापुढे संशोधन. प्रयोगशाळा कुठली? कॉलेजातली 24 चौरस फुटांची एक खोली. आपल्या होस्टेलच्या बाथरूम याहून मोठ्या असतील! मदतीला एक स्थानिक पत्रेवाला.

आणि इथेच त्यांच्यातला इंजिनिअर दिसतो. जर्मनीच्या हर्ट्झने विद्युत लहरी सिद्ध केल्या होत्या, पण त्याच्या लहरींची लांबी बरीच मोठी, त्यामुळे उपकरणंही अवाढव्य. एवढ्याशा खोलीत ती मावणार कशी? जगदीशचंद्रांनी खोली मोठी करून मागितली नाही, लहर लहान केली. काही मिलिमीटर लांबीच्या लहरी त्यांनी तयार केल्या, म्हणजे आजच्या भाषेत 60 गिगाहर्ट्झच्या आसपास! सगळं उपकरण टेबलावर मावलं. लहर वाहून न्यायला धातूची नळी, गोळा करायला नरसाळं. आपण ज्याला वेव्हगाइड आणि हॉर्न अँटेना म्हणतो, ते हेच. एका प्रयोगात तर त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पुस्तकात पानापानांमध्ये धातूचा वर्ख घातला आणि त्याचा पोलरायझर म्हणून वापर केला. साहित्य नाही म्हणून प्रॅक्टिकल राहिलं, असं आपण कुठल्या तोंडाने म्हणायचं?

1895 मध्ये कलकत्त्यात त्यांनी जाहीर प्रयोग करून दाखवला. मधे भिंती, मधे मोठे साहेब बसलेले, तार कुठेही नाही. तरी पलीकडच्या खोलीत घंटा वाजली आणि दारूगोळ्याला ठिणगी लागली! 1897 च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान झालं आणि युरोपने त्यांची दखल घेतली.

मला सगळ्यात आवडला तो त्यांचा पुढचा शोध. तेव्हा लहर पकडायला कोहिअरर नावाचा डिटेक्टर असायचा. काचेच्या नळीत लोखंडाचा कीस, लहर आली की त्याचा विजेला होणारा रोध बदलायचा. पण हा प्रकार फार लहरी. कधी चालेल, कधी रुसेल. दुसरा कोणी असता तर हवेला दोष देऊन मोकळा झाला असता. जगदीशचंद्रांनी एकेक गोष्ट बदलून पाहिली. किसाच्या जागी पोलादी स्प्रिंगा आल्या, मग 1899 मध्ये लोखंड आणि पाऱ्याचा डिटेक्टर आला. 1901 मध्ये मार्कोनीने अटलांटिकपार संदेश घेतला, तेव्हा त्याने वापरलेला डिटेक्टर याच जातीचा होता, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं. गॅलेना स्फटिकाच्या डिटेक्टरचं अमेरिकन पेटंट जगदीशचंद्रांना 1904 मध्ये मिळालं, तेही मित्रमंडळींनी आग्रह केला म्हणून. त्यांना शोधातून पैसा नको होता. 1909 चं नोबेल मार्कोनी आणि ब्राउन यांना मिळालं.

डिटेक्टर तपासताना त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. सतत वापरला की तो मंद व्हायचा आणि विश्रांती दिली की पुन्हा ताजातवाना. धातूही थकतो की काय? या एका प्रश्नाने त्यांना रेडिओकडून सजीवांकडे आणि वनस्पतींकडे नेलं. झाडाची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ त्यातूनच आला. त्यांच्या काही निष्कर्षांवर खूप वाद झाले, पण ते मोजत राहिले. 1917 मध्ये त्यांनी कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट उभी केली, 1920 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि 23 नोव्हेंबर 1937 ला गिरिडीहला त्यांचं निधन झालं. 2012 मध्ये आयईईईने त्यांच्या मिलिमीटर लहरींच्या कामाला मैलाचा दगड म्हणून मान दिला.

घरी पोचले. फराळाआधी लॅपटॉप काढला, कारण आता आपणही मोजायचं! आधी राउटरला सरळ केबल जोडली. 100 एमबीपीएसच्या प्लॅनवर 94 आले. म्हणजे नेटवाल्याची लाइन ठणठणीत! मग वायरलेसवर, त्याच खोलीत 40. आतल्या खोलीत, जिथे ताई बसते तिथे, फक्त 3. दोष बाहेरून येणाऱ्या वायरीत नव्हता, घरातल्या हवेत होता.

राउटर ठेवला होता लोखंडी कपाटाच्या मागे, दिसू नये म्हणून. धातू लहर परतवतो. वर आमचं घर जुनं, दगडमातीच्या जाड भिंतींचं. 2.4 गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटीमीटरची, ती भिंतीतून कशीबशी जाते. 5 गिगाहर्ट्झची लहर सहा सेंटीमीटरची, ती वेगवान, पण भिंतीपुढे आधी हात टेकते. एकेक गोष्ट बदलली. राउटर मधल्या दारावर उंच लावला, आतल्या खोलीत 22. शेजारचे सगळे चॅनेल 6 वर गर्दी करून होते, मी 11 घेतला, 35. मग रीस्टार्ट केल्यावर थोडा वेळ बरं का चालायचं? राउटर काही बोसांच्या डिटेक्टरसारखा थकत नाही. त्याची मेमरी मोकळी होते आणि तो चॅनेल नव्याने निवडतो, एवढंच. गर्दी झाली की पुन्हा तेच.

ताईची पुढची मुलाखत न तुटता पूर्ण झाली. नोकरीचं अजून कळलेलं नाही. पण त्या संध्याकाळी बाबांनी नेटवाल्या पोराला फोन केला, चुकलं म्हणाले आणि फराळाला बोलावलं. तो आला, लाडू खाल्ला आणि जाताना जुनी केबलही फुकट बदलून गेला!

मित्रांनो, अन्याय झाला तेव्हा जगदीशचंद्र ठाम उभे राहिले, पण यंत्र बिघडलं तेव्हा त्यांनी दुसऱ्याला दोष दिला नाही, आधी मोजलं. आपलं बरेचदा नेमकं उलट होतं, नाही का? होस्टेलचं नेट स्लो झालं की ऑफिसवर धावून जायच्या आधी एकदा केबल लावून बघा. आणि राउटर कुणी कपाटामागे ठेवला असेल, तर प्लीज, आधी तो बाहेर काढा!