आर्चबिशप क्रॅन्मर आणि राजाज्ञा

रविवार शाळेत रक्तसाक्ष्यांच्या गोष्टी सांगताना थॉमस क्रॅन्मरची गोष्ट बहुधा शेवटाकडून सांगितली जाते. ज्या हाताने सही केली तो हात त्याने आधी ज्वाळेत धरला, हे ऐकून मुले स्तब्ध होतात. पण ती सही कसली होती आणि इतक्या भक्तिमान व विद्वान माणसाने ती का केली, हे सांगायचे राहून जाते. आम्हांस तोच भाग अधिक विचार करण्याजोगा वाटतो.

क्रॅन्मरचा जन्म १४८९ साली नॉटिंगहॅमशायरमधील ॲस्लॉक्टन या खेड्यात झाला. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात तो शिकला आणि तेथेच शिकवू लागला. चाळिशीपर्यंतचे त्याचे आयुष्य पुस्तकांच्या सहवासात गेले. १५२९ साली आठवा हेन्री राजा राणी कॅथरिनशी झालेला आपला विवाह रद्द करून घेण्याच्या खटपटीत होता. हा प्रश्न विद्यापीठांतील पंडितांपुढे ठेवावा, अशी सूचना क्रॅन्मरने केली व ती राजाच्या कानी गेली. १५३३ च्या मार्चमध्ये हा शांत स्वभावाचा शिक्षक कँटरबरीचा आर्चबिशप झाला, आणि मे महिन्यात त्याने तो विवाह रद्द ठरवला.

येथे त्याची श्रद्धा नीट समजून घेतली पाहिजे. रोमकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायात अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्याविषयी जे लिहिले आहे, ते क्रॅन्मरने अंतःकरणापासून मानले होते. देवाने राजाला राज्यावरच नव्हे तर मंडळीवरही नेमले आहे, तेव्हा राजाज्ञा मोडणे म्हणजे देवाची व्यवस्था मोडणे, असे तो समजे. पोपच्या सत्तेपासून सुटण्याचा त्याला दिसलेला मार्ग हाच होता. त्याला केवळ खुशामत्या म्हणणारे त्याच्यावर अन्याय करतात, असे आमचे मत आहे.

१५३४ च्या एप्रिलमध्ये सर थॉमस मोरला लॅम्बेथच्या वाड्यात नव्या शपथेसाठी बोलावण्यात आले. मोर रोमन मंडळीचा निष्ठावंत. शपथ घेण्यास त्याचे मन धजेना. मात्र ज्यांनी ती घेतली त्यांना आपण दोष देत नाही, असेही तो म्हणाला. तेव्हा क्रॅन्मरने त्याच्यापुढे एक युक्तिवाद ठेवला. शपथ चूक आहे याविषयी तुमची खात्री नाही, पण राजाची आज्ञा पाळली पाहिजे ही गोष्ट निश्चित आहे; तेव्हा संशयाची बाजू सोडून निश्चित बाजू धरा, असा त्याचा आशय होता. मोर क्षणभर गोंधळला, पण बधला नाही. मोर आणि बिशप फिशर यांना शपथेतून काही सवलत द्यावी, असे पत्र क्रॅन्मरने पुढे लिहिले. ते कोणी ऐकले नाही आणि १५३५ साली दोघांचीही मस्तके उडाली.

पुढे असेच घडत गेले. १५३६ साली राणी ॲन बोलीन कैदेत पडली, तेव्हा तिच्याविषयीचा आपला चांगला ग्रह क्रॅन्मरने राजाला पत्राने कळवला. पण पंधरवड्यातच तिचा विवाह त्याने रद्द ठरवला. १५३८ साली जॉन लॅम्बर्टवर प्रभुभोजनाविषयीच्या मतावरून खटला झाला, तेव्हा राजासमोर त्याच्याविरुद्ध वाद करणाऱ्यांत क्रॅन्मर होता. लॅम्बर्टला जाळले, आणि काही वर्षांनी क्रॅन्मर स्वतः जवळजवळ त्याच मताला आला! १५३९ च्या सहा कलमांच्या कायद्याला त्याने सभागृहात विरोध केला. कायदा होताच मान तुकवली व गुपचूप केलेली पत्नी मार्गारेट हिला जर्मनीस पाठवून दिले.

हेन्री १५४७ साली वारला. बाल राजा सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत सत्ता आणि सदसद्विवेक प्रथमच एका दिशेने चालू लागले. १५४९ व १५५२ ची प्रार्थनापुस्तके त्याच काळातील. त्यांच्या परंपरेतील उपासना पुढे मराठीतही आली, हे आपल्या जुन्या अँग्लिकन मंडळ्यांना सांगावयास नको.

१५५३ साली मेरी राणी झाली. ती पोपला मानणारी. आता मोठा पेच पडला. मंडळीवर राजसत्ताच श्रेष्ठ, असे क्रॅन्मर वीस वर्षे शिकवत आला होता, आणि तीच राजसत्ता आता पोपला शरण जा असे सांगत होती. मोरपुढे टाकलेला फास फिरून त्याच्याच गळ्यात आला. ऑक्सफर्डच्या तुरुंगातून १६ ऑक्टोबर १५५५ रोजी त्याला रिडली व लॅटिमर या सोबत्यांचे दहन दाखवण्यात आले. त्यानंतर त्याला चांगल्या घरात हलवून गोड वागणूक दिली, वाद घालायला विद्वान साधू पाठवले. एकटेपणानंतर मिळालेल्या मायेपुढे माणूस धमकीपेक्षा लवकर वाकतो, असे आम्हांस वाटते. १५५६ च्या आरंभी त्याने एकामागून एक सहा कागदांवर सह्या केल्या. पहिल्यात कारण एवढेच होते की, राजाराणीने व पार्लमेंटने पोपची सत्ता मान्य केली आहे, म्हणून मीही मानतो. शेवटच्यात त्याने स्वतःच्या साऱ्या शिकवणीला धिक्कारले.

चूक कबूल करणाऱ्याला सहसा जीवदान मिळे. मेरीने ते दिले नाही. २१ मार्च १५५६ रोजी सेंट मेरी चर्चमध्ये, तयार ठेवलेले कबुलीचे भाषण वाचण्यासाठी त्याला उभे केले. प्रार्थना झाली, राणीच्या आज्ञेत राहण्याचा उपदेशही त्याने लोकांना केला, आणि मग कागदावरचे सोडून तो भलतेच बोलू लागला. भीतीने अंतःकरणाविरुद्ध लिहिलेले सर्व आपण मागे घेतो, पोपला नाकारतो, आणि अपराधी हात आधी जळेल, असे त्याने जाहीर केले. एकच गलका झाला. त्याला खाली ओढून खुंटाकडे नेले. त्याचे वय तेव्हा ६६ होते. हात त्याने शब्दाप्रमाणे पुढे धरला.

त्याचे सहा कागद पुढे लंडनमध्ये छापले गेले. त्यांच्यासोबत, त्याने कधी पूर्ण न वाचलेले ते भाषणही छापून टाकले.