निजामाच्या मालकीचं रेडिओ स्टेशन होतं, त्याच्या राज्याच्या शेवटाची बातमीही तिथूनच आली

17 सप्टेंबर 1948. शुक्रवारची संध्याकाळ. हैदराबादच्या रेडिओ स्टेशनवर एक बारीक अंगाचा, साध्या कपड्यांतला, साठी ओलांडलेला माणूस आला. हे रेडिओ स्टेशन त्याच्याच सरकारचं होतं. राज्यातली रेल्वे त्याची, टपाल त्याचं, नाण्यांवर छाप त्याची. पण आपल्या रेडिओ स्टेशनची पायरी तो पहिल्यांदाच चढत होता.

हा माणूस म्हणजे हैदराबादचा सातवा आणि शेवटचा निजाम, मीर उस्मान अली खान.

त्या दिवशी त्याने माइकसमोर बसून जे वाचून दाखवलं, त्यामुळे आजच्या हिंगोलीसह सगळ्या मराठवाड्याचा भारतात येण्याचा रस्ता मोकळा झाला. म्हणूनच 17 सप्टेंबरला हिंगोलीत, वसमतला, कळमनुरीला आजही झेंडावंदन होतं. मुक्तिसंग्रामाची गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण ज्या रेडिओवरून हा शेवट जाहीर झाला, तो रेडिओ निजामाकडे आला कसा, आणि तो हाताशी असूनही निजामाचं राज्य का वाचलं नाही, हे फारसं सांगितलं जात नाही.

तर सुरुवातीपासून बघूया.

पंचविसाव्या वर्षी गादी

मीर उस्मान अलीचा जन्म एप्रिल 1886 चा. ऑगस्ट 1911 मध्ये वडील, म्हणजे सहावे निजाम वारले आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो गादीवर बसला. राज्य केवढं? क्षेत्रफळ दोन लाख चौरस किलोमीटरपेक्षा जास्त, लोकसंख्या पुढे 1941 पर्यंत दीड कोटीच्या वर गेलेली. 16 जिल्ह्यांपैकी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे मराठवाड्यातले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. स्वतंत्र हिंगोली जिल्हा व्हायला 1 मे 1999 उजाडावा लागला.

हिंगोली हैदराबादपासून रस्त्याने तीनशे किलोमीटरहून जास्त लांब, पण निजामाच्या राज्यकर्त्यांना हे गाव नवीन नव्हतं. इथे हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेची छावणी होती. निजामाच्या कारकिर्दीच्या सुरुवातीच्या वर्षांत पूर्णेहून हिंगोलीपर्यंत रेल्वेही आली.

पहिल्या महायुद्धात निजामाने ब्रिटिशांना भरपूर मदत केली. त्या बदल्यात त्याला 'हिज एक्झॉल्टेड हायनेस' ही पदवी मिळाली. हिंदुस्थानातल्या दुसऱ्या कुठल्याही संस्थानिकाला ती नव्हती. फेब्रुवारी 1937 मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर त्याचा फोटो छापला आणि जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्याची ओळख करून दिली. दुसरीकडे त्याच्या चिक्कूपणाचे किस्सेही तेवढेच गाजले. जेकब हिरा तो पेपरवेट म्हणून वापरायचा, असं सांगतात.

नवं ते सगळं हवं, पण आपल्या ताब्यात

निजामाला फक्त जुलमी ठरवून मोकळं झालं, तर अर्धीच गोष्ट कळते. 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं. इंग्रजी सोडून उर्दूत उच्च शिक्षण देणारं हे देशातलं पहिलं विद्यापीठ. मुसा नदीच्या 1908 च्या महापुरानंतर हैदराबादच्या वर उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले. निजामसागर धरण झालं. उस्मानिया हॉस्पिटल झालं, हायकोर्टाची इमारत झाली, राज्याची स्वतःची बँक आली, पुढे विमान कंपनीही आली.

पण यातली मेख भाषेत होती. राज्यातले जवळपास निम्मे लोक तेलुगू बोलायचे, सुमारे एक चतुर्थांश मराठी, त्यानंतर कन्नड. उर्दू बोलणारे दहातले एक-दोन. तरी कारभार उर्दूत, कोर्ट उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. हिंगोलीच्या शेतकऱ्याला स्वतःच्याच जमिनीचा कागद वाचायला दुसरा माणूस शोधावा लागायचा.

बोलण्यावरही पहारा होता. 'गश्ती निशाण 53' या फर्मानामुळे सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी लागायची. खासगी शाळा काढायलाही आडकाठी. आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा'सारख्या पत्रावर बंदी आली. थोडक्यात, लोकांनी आपसात काय बोलायचं, काय वाचायचं, हे सरकार ठरवत होतं.

अशा राज्यात रेडिओ आला.

एका गल्लीतला ट्रान्समीटर

हैदराबादमध्ये रेडिओ सुरू केला तो निजामाने नाही. महबूब अली नावाच्या गृहस्थाने 1933 च्या सुमारास शहरातल्या चिराग अली गल्लीतून खासगी रेडिओ स्टेशन चालवायला सुरुवात केली. ट्रान्समीटर फक्त 200 वॅटचा. आवाज शहर आणि आसपासच्या भागापुरताच जायचा.

सरकारला या यंत्राची ताकद लवकर कळली. 3 फेब्रुवारी 1935 ला निजाम सरकारने हे स्टेशन आपल्याकडे घेतलं. 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव जून 1936 मध्ये आलं. म्हणजे त्याच्या वर्षभर आधीच निजामाकडे स्वतःचं सरकारी रेडिओ स्टेशन होतं. लोक त्याला डेक्कन रेडिओ किंवा निजाम रेडिओ म्हणायचे. पुढे जास्त ताकदीचा ट्रान्समीटर बसला आणि औरंगाबादलाही स्टेशन झालं. मीडियम वेव्हचा आवाज रात्री जास्त लांब जातो, त्यामुळे अंधार पडला की राजधानीपासून दूरच्या गावांतही हैदराबाद लागण्याची शक्यता वाढायची.

डेक्कन रेडिओवर मुख्य भाषा उर्दू. सोबत तेलुगू, मराठी आणि कन्नड कार्यक्रमही असायचे. ज्या सरकारी कारभारात मराठीला जागा नव्हती, त्याच सरकारच्या रेडिओवर मराठी ऐकू येत होती. लोकांपर्यंत पोहोचायचं तर त्यांच्या भाषेत बोलावं लागतं, हे सरकारला कळत होतं. पण रेडिओ एका बाजूनेच बोलतो. लोकांचं म्हणणं सरकारपर्यंत नेणारी वाट मात्र बंदच राहिली.

स्वातंत्र्य कोणाचं?

1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसने सत्याग्रह केला. त्याच वर्षी वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ अशी माणसं पुढे आली.

जून 1947 मध्ये फाळणीची योजना जाहीर झाली आणि लगेच निजामाने फर्मान काढलं. इंग्रज गेले की आपण स्वतंत्र सार्वभौम राजा होणार, असा त्याचा अर्थ. 15 ऑगस्टला देशभर तिरंगा फडकला, पण हिंगोलीत तो फडकवणं हा गुन्हा होता. 29 नोव्हेंबर 1947 ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा जैसे थे करार झाला.

एव्हाना सूत्रं निजामाच्या हातातून निसटत होती. लातूरचा वकील कासिम रझवी रझाकार संघटना चालवत होता. पंतप्रधानपदी मीर लायक अली आला. रझाकारांनी गावंच्या गावं लुटली, माणसं मारली. मराठवाड्यातून हजारो कुटुंबं सीमेपलीकडे वऱ्हाडात आणि मुंबई प्रांतात गेली. वसमत तालुक्यातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे यांनी या लढ्यात प्राण दिले. वसमतच्या बहिर्जी स्मारक महाविद्यालयाला त्यांचंच नाव आहे.

या काळात रेडिओवरून फक्त सरकारची बाजू ऐकू यायची. पण गावात काय चाललंय हे लोक रोज डोळ्यांनी बघत होते. रेडिओ काय सांगतो आणि दारात काय घडतं, यातलं अंतर वाढत गेलं, तसा सरकारी आवाजावरचा विश्वास उडत गेला.

पाच दिवस आणि एक भाषण

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा चारही बाजूंनी हैदराबाद संस्थानात शिरल्या. हेच ऑपरेशन पोलो. मुख्य तुकडी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरकडून निघाली. निजामाची फौज पाच दिवसही टिकली नाही.

17 तारखेला लायक अलीने राजीनामा दिला आणि तसं रेडिओवरून सांगितलं. भारताचे हैदराबादमधले एजंट जनरल कन्हैयालाल मुन्शी यांनी निजामाला स्वतः रेडिओवर बोलायला सुचवलं. निजामाची फर्मानं आजवर कागदावर निघायची. माइकसमोर बसायची वेळ कधी आलीच नव्हती. मुन्शींनी आठवणींत लिहिल्याप्रमाणे ना गालिचा होता, ना सलामी.

निजामाने जाहीर केलं की मंत्रिमंडळ गेलं आहे, फौजेला लढाई थांबवायचा हुकूम दिला आहे आणि रझाकार संघटनेवर बंदी घातली आहे. दुसऱ्या दिवशी त्याचा सेनापती अल इद्रूस याने चौधरींसमोर शरणागती पत्करली. काही दिवसांनी निजाम पुन्हा रेडिओवर आला आणि रझवीच्या गटाने आपल्याला हतबल केलं होतं, असं सांगितलं. तो खरोखर हतबल होता की सगळं बघून गप्प होता, यावर आजही वाद होतो.

पुढचा भागही सांगायला हवा. या कारवाईच्या काळात आणि नंतर अनेक भागांत मुसलमानांवर हल्ले झाले. भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने 27 ते 40 हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडही होते. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. सरकार बदललं, तरी काय सांगायचं आणि काय नाही हे ठरवायची सवय पूर्ण गेली नव्हती.

नंतर काय झालं?

निजामाला तुरुंगात टाकलं नाही. 26 जानेवारी 1950 पासून तो हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला आणि 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत त्या पदावर राहिला. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्रात. 24 फेब्रुवारी 1967 ला हैदराबादमध्ये निजाम वारला. अंत्ययात्रेला प्रचंड गर्दी लोटली होती. किंग कोठी या त्याच्या राहत्या वाड्यासमोरच्या मशिदीत त्याचं दफन झालं.

आणि रेडिओ? 1 एप्रिल 1950 ला हैदराबादचं स्टेशन ऑल इंडिया रेडिओकडे गेलं. पुढे परभणीला आकाशवाणीचं केंद्र झालं. शेतीच्या सल्ल्यापासून बाजारभावापर्यंत हिंगोलीच्या माणसाला कळणाऱ्या मराठीत बातम्या आणि गाणी तिथून येऊ लागली. श्रोते पोस्टकार्ड टाकून फर्माईश कळवू लागले. निजामाच्या काळात राजा काढायचा ते फर्मान. आकाशवाणीवर ऐकणारा करतो ती फर्माईश. शब्दांचं मूळ एकच, पण सांगणारा बदलला.