नाशिकच्या द्राक्षवेलीची मुळं टेक्सासची आहेत. ती शोधणाऱ्या माणसाची ही गोष्ट

होळीच्या आसपास आमगावच्या बाजारात हातगाड्यांवर द्राक्षं दिसायला लागतात. गोंदिया जिल्हा धानाचा, त्यामुळे हा माल बाहेरून येतो. राज्यात द्राक्षं म्हटलं की नाशिक, सांगली, सोलापूर हीच नावं आधी आठवतात. गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारतं. गोड आहेत का? आणि किलो कशी? ती कोणत्या मुळांवर वाढली, हे काही कोणी विचारत नाही.

आता हे वाचून तुम्ही म्हणाल, द्राक्षाच्या वेलीला द्राक्षाचंच मूळ असणार, त्यात विचारायचं काय?

तर तसं नसतं. महाराष्ट्रातल्या बहुतेक द्राक्षबागांमध्ये जमिनीच्या वर एक वेल असते आणि जमिनीखाली दुसरीच. वरची थॉम्पसन सीडलेस असू शकते, सोनाका असू शकते, वाईनची बाग असेल तर शिराज किंवा कॅबरने सोविन्यो असू शकते. खालच्या मुळाला शेतकरी ‘खुंट’ म्हणतात, आणि आपल्याकडचा सगळ्यात ओळखीचा खुंट म्हणजे ‘डॉगरीज’. नाशिक-सांगलीच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा, हे नाव तो झोपेतही सांगेल.

पण डॉगरीज हे नाव आलं कुठून? अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात बेल नावाचा जिल्हा आहे, त्यातला डॉग रिज हा भाग. तिथल्या रानातून ही वेल शोधून काढली थॉमस व्होल्नी मन्सन यांनी. जगभरच्या द्राक्ष संशोधकांमध्ये हे नाव आजही मानानं घेतलं जातं. या माणसानं अख्खं आयुष्य अशी द्राक्षं चाखण्यात घालवलं, ज्यांच्याकडे दुसरं कोणी ढुंकूनही बघत नव्हतं.

टोळधाडीनं हुसकावलं, नदीकाठानं थांबवलं

मन्सन यांचा जन्म २६ सप्टेंबर १८४३ चा, अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या अॅस्टोरिया गावाजवळचा. घर शेतकऱ्याचं. केंटकीतल्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी १८७० मध्ये पदवी घेतली आणि त्याच वर्षी लेक्सिंग्टनच्या एका रोपवाटिकावाल्याच्या मुलीशी, एलेन स्कॉट बेल यांच्याशी लग्न केलं. तिथल्याच एका प्राध्यापकाची द्राक्षबाग पाहून त्यांना या फळाचं वेड लागलं. अमेरिकेच्या मातीत टिकतील असे द्राक्षाचे नवे वाण तयार करायचे, हे त्यांनी ठरवून टाकलं.

१८७३ मध्ये ते नेब्रास्का राज्यातल्या लिंकनला गेले आणि रोपं लावली. पण तिथली कडाक्याची थंडी, दुष्काळ आणि त्यात टोळधाड. १८७४ ची टोळधाड तर अमेरिकेच्या इतिहासात नोंद झालेली. मन्सन यांची मेहनत पाण्यात गेली.

त्यांचे भाऊ तोवर टेक्सासमध्ये बस्तान बसवून होते. रेल्वेमुळे १८७२ मध्ये वसलेल्या डेनिसन या नव्या गावाच्या उभारणीत विल्यम मन्सन यांचा मोठा हात होता. भावांच्या बोलावण्यावरून थॉमस १८७६ मध्ये डेनिसनला आले. गावाच्या उत्तरेला रेड रिव्हर नदी, तिच्या काठावर दाट झाडी आणि त्या झाडांवर चढलेल्या रानटी द्राक्षवेली. एक-दोन नाही, अनेक जातींच्या. लिंकनमध्ये लावलेली वेल जगत नव्हती, आणि इथे न लावलेल्या वेली झाडांच्या शेंड्यापर्यंत पोचलेल्या. मन्सन पुन्हा कुठे गेले नाहीत.

रानटी द्राक्ष चाखायचं म्हणजे काय?

आपण बाजारातून आणतो ती द्राक्षं, आणि शिराज, मेर्लो, कॅबरनेसारखी वाईनची नावाजलेली द्राक्षं, जवळजवळ सगळी एकाच जातीची आहेत. तिचं शास्त्रीय नाव व्हायटिस व्हिनिफेरा. ही युरोप आणि पश्चिम आशियातली जात. पण अमेरिकेत द्राक्षाच्या दुसऱ्या अनेक जाती जंगलात आपोआप वाढतात.

त्यांची चव मात्र सगळ्यांना झेपणारी नाही. मस्टँग नावाचं टेक्सासचं रानटी द्राक्ष इतकं आंबट असतं की ते जास्त हाताळलं तर हातांची आग होते. लाब्रुस्का जातीच्या द्राक्षाला एक उग्र गोडसर वास येतो. अमेरिकेत त्याला कोल्ह्याच्या नावानं ओळखतात. हा वास अनेकांच्या ओळखीचा आहे. आपल्याकडे बाजारात येणारं ‘बंगळुरू ब्लू’ हे काळं द्राक्ष म्हणजे अमेरिकेतली ‘इसाबेला’, आणि तिच्यात लाब्रुस्काचं रक्त आहे. बंगळुरू ब्लूचा रस प्यायलात की नाकाला जो वास आधी जाणवतो, तो हाच.

युरोपातल्या जाणकारांनी अशी द्राक्षं नाक मुरडून बाजूला ठेवली होती. मन्सन यांनी ती घोड्यावरून आणि रेल्वेनं फिरून गोळा केली. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत आणि मेक्सिकोतही ते वेली शोधत गेले. कोणती वेल कुठल्या जमिनीत वाढते, फळ कधी पिकतं, साल जाड की पातळ, रंग किती गडद, आंबटपणा किती, गोडी किती, दुष्काळ सोसते का, केवडा आणि भुरी या रोगांना पुरून उरते का, अशी प्रत्येक वेलीची परीक्षा ते घेत.

लाल वाईन समजून घेताना यातल्या बऱ्याच गोष्टी आजही पाहतात. लाल वाईन करताना द्राक्षाचा रस सालीसकट आंबवतात. रंग येतो सालीतून. जिभेला कोरडं करणारा तुरटपणा येतो साल आणि बियांमधून. त्यामुळे वाण बदलला, सालीची जाडी बदलली की ग्लासातला रंग आणि तोंडातला तुरटपणाही बदलतो. मन्सन यांना एवढंच दिसत होतं की या चवींची यादी जगानं फार लवकर बंद केली आहे.

तिकडे फ्रान्सच्या बागा वाळत होत्या

याच काळात फ्रान्समध्ये हाहाकार माजला होता. १८६० च्या दशकात दक्षिण फ्रान्समधल्या वेली कारण न कळता वाळायला लागल्या. १८६८ मध्ये ज्यूल-एमिल प्लांशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेली उपटून मुळं पाहिली, तेव्हा मुळांना चिकटलेली पिवळसर, जेमतेम एक मिलिमीटरची कीड सापडली. तिचं नाव फायलोक्झेरा. ती मुळातला रस शोषते, मुळांना जखमा करते, त्या जखमा कुजतात आणि वेल मरते.

ही कीड अमेरिकेतून रोपांबरोबर जहाजानं युरोपात पोचली होती. अमेरिकन वेली हजारो वर्षं तिच्याबरोबर राहिल्या होत्या, त्यामुळे त्यांची मुळं तिला दाद देत नव्हती. युरोपच्या वेलींना असा शत्रूच माहीत नव्हता.

नुकसान किती झालं? १८७५ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे ८४५ कोटी लिटर वाईन तयार झाली होती. १८८९ मध्ये हा आकडा २३४ कोटी लिटरवर आला. उपाय शोधणाऱ्याला ३ लाख फ्रँकचं बक्षीस सरकारनं जाहीर केलं. शेतकऱ्यांनी जमिनीत रसायनं ओतली, शेतं पाण्याखाली बुडवून ठेवली. पण सगळीकडे चालेल असा उपाय एकच निघाला. मूळ अमेरिकेचं घ्यायचं आणि त्यावर फ्रान्सच्या वेलीचं कलम करायचं. कलम केलं तरी वरचा वाण तोच राहतो, त्याच्या फळाची जातही बदलत नाही.

यात एक अडचण होती. सुरुवातीला नेलेल्या अमेरिकन वेली चुनखडीच्या जमिनीत तग धरेनात. तिथं वेलीला लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात आणि वाढ खुंटते. आणि ब्रँडीसाठी जगभर गाजलेला कोन्याकचा परिसर नेमका चुनखडीचा.

म्हणून १८८७ मध्ये फ्रेंच सरकारनं माँपेलिएचे प्राध्यापक पिएर व्हियाला यांना अमेरिकेत पाठवलं. चुनखडीत वाढणारी रानटी वेल शोधायची, एवढंच काम. शोधत शोधत ते डेनिसनला मन्सन यांच्याकडे पोचले. कोणत्या जमिनीत कोणती वेल वाढते, याचा हिशेब मन्सन यांच्याकडे तयार होता. त्यांनी मध्य टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांकडे बोट दाखवलं. तिथं बर्लांडिएरीसारख्या जाती चुनखडीतच वाढत होत्या. त्या भागातून काड्या कापून जहाजानं फ्रान्सला रवाना झाल्या.

बर्लांडिएरीची काडी सहज मूळ धरत नाही, म्हणून पुढे इतर अमेरिकन जातींशी तिचा संकर करून नवे खुंट तयार झाले. हे श्रेय एकट्या मन्सन यांचं नाही. मिसूरी राज्यातल्या हर्मन येगर यांच्यासारख्यांनीही फ्रान्सला वेली पाठवल्या होत्या. पण चुनखडीचं कोडं सुटण्यात मन्सन यांच्या नोंदींचा वाटा मोठा होता. १८८८ मध्ये फ्रान्सनं शेतीतल्या कामगिरीसाठीचा आपला मानाचा किताब या टेक्सासच्या रोपवाटिकावाल्याला दिला.

जीव ओतला वाणांत, नाव राहिलं मुळांत

मन्सन यांचं स्वतःचं स्वप्न मात्र मुळांचं नव्हतंच. त्यांना नव्या चवीची द्राक्षं हवी होती. फूल उमलायच्या आत त्यातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या वेलीचा पराग लावायचा, घड पिशवीत झाकायचा, बी रुजवायचं आणि फळ यायची काही वर्षं वाट बघायची. असं करत त्यांनी ३०० च्या आसपास वाण तयार केले. लाल ‘ब्रिलियंट’, काळे ‘कार्मन’, ‘म्युंच’, ‘अमेरिका’, ‘बेली’. एका वाणाला त्यांनी पत्नीचं नाव दिलं, ‘एलेन स्कॉट’. १९०९ मध्ये आयुष्यभराचा अभ्यास त्यांनी अमेरिकेच्या द्राक्षशेतीवरच्या ग्रंथात मांडला. २१ जानेवारी १९१३ रोजी डेनिसनमध्येच त्यांचं निधन झालं.

आणि सातच वर्षांनी, १९२० मध्ये, अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. ती १९३३ पर्यंत टिकली. वाईनच्या नव्या वाणांना विचारणारं कोणी उरलं नाही. मन्सन यांचे कितीतरी वाण बागांमधून नाहीसे झाले. पुढे १९७० च्या दशकात डेनिसनच्या ग्रेसन कॉलेजमध्ये त्यांच्या नावानं स्मृतिबाग उभी राहिली आणि सापडतील तेवढे वाण तिथं पुन्हा लावले गेले.

एक वाण मात्र आधीच समुद्र ओलांडून गेला होता. जपानमध्ये झेनबेई कावाकामी नावाचे एक बागायतदार होते. १९२७ मध्ये त्यांनी मन्सन यांच्या ‘बेली’चा ‘मस्कत हॅम्बर्ग’शी संकर केला. मस्कत हॅम्बर्ग म्हणजे तमिळनाडूच्या कंबम खोऱ्यात पिकणारी, २०२३ मध्ये जीआय मानांकन मिळालेली पन्नीर द्राक्षं. या संकरातून आलेला ‘मस्कत बेली ए’ हा आज जपानी लाल वाईनचा प्रमुख वाण आहे. रंगानं फिकट, तुरटपणा कमी, आणि वास स्ट्रॉबेरीसारखा. शिराजच्या गडद, मिरमिरीत वाईनशेजारी ठेवली, तर दोन्ही ‘लाल वाईन’च आहेत यावर विश्वास बसणार नाही. त्या वासात कुठेतरी टेक्सासचं रान आहे.

आपल्या बागांपर्यंत

महाराष्ट्रात खुंटाची गरज पडली ती फायलोक्झेरामुळे नाही. १९८० आणि १९९० च्या दशकांत पाणीटंचाई आणि क्षारयुक्त पाणी-जमीन यांमुळे स्वतःच्या मुळांवरच्या बागा बसायला लागल्या. तेव्हा डॉगरीज कामी आला. तो दोन रानटी जातींच्या नैसर्गिक संकरातला, आणि त्यात हातांची आग करणाऱ्या मस्टँगचं रक्त आहे असं मानतात. ज्याचं फळ खाववत नाही, त्याच्याच वंशातलं मूळ दुष्काळात वेल जगवतं. आजही शेतकरी आधी खुंट लावतात, तो वाढला की पावसाळा सरता सरता त्यावर हव्या त्या वाणाची काडी भरतात. वाईनच्या द्राक्षांसाठी ‘११०-आर’ हा खुंटही वापरतात. त्याच्या वंशात बर्लांडिएरी आहे, म्हणजे पुन्हा टेक्सासच.

धानाच्या पट्ट्यातल्या वाचकांना ही गोष्ट परकी वाटायला नको. ग्रासी स्टंट या विषाणू रोगानं आशियातला भात धोक्यात आला, तेव्हा हजारो नमुने तपासल्यावर प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका रानटी भातात. तिच्यातूनच पुढे ‘आयआर-३६’सारखे वाण उभे राहिले.

म्हणून बांधावरचं, नाल्याकाठचं, जंगलातलं बेचव झुडूप तोडताना जरा थांबायला हवं. मन्सन यांच्या काळात बर्लांडिएरीला बाजारात काहीच किंमत नव्हती. कोणीतरी तिची चव, तिची माती आणि तिचा पत्ता लिहून ठेवला होता, म्हणून वेळेला ती सापडली.