बर्लिनला गेलेली कर्व्यांची सून

महाभारत आपल्या घरोघरी वाचले जाते, ऐकले जाते. परंतु कुंती, गांधारी, द्रौपदी यांच्याकडे आपल्याच नात्यागोत्यातील बायका म्हणून पाहावयास ज्यांनी शिकविले, त्या डॉ. इरावतीबाई कर्वे होत. ‘युगान्त’मुळे त्यांचे नाव आपल्यापैकी पुष्कळ भगिनींना ठाऊक आहे. पण ते पुस्तक निघण्याच्या सुमारे चाळीस वर्षे आधी जर्मनीत त्यांची एक मोठी परीक्षा झाली होती. तिची हकीकत या स्मरणिकेच्या निमित्ताने भगिनींपुढे ठेवीत आहे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात म्यिंजान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे इंजिनियर होते. तिकडच्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी मुलीला शिक्षणासाठी पुण्याच्या हुजूरपागेत धाडण्यात आले. पुढे रँग्लर परांजप्यांच्या घरी तिला दुसरे माहेर लाभले. फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन १९२६ साली त्या बी. ए. झाल्या आणि मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकून १९२८ साली एम. ए. झाल्या. विवाह झाला तो महर्षी कर्वे यांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी.

आता पुढचे शिक्षण कोठे घ्यावयाचे? दिनकररावांनी स्वतः जर्मनीत रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळविली होती. पत्नीनेही तिकडे जावे, असे त्यांच्या मनाने घेतले. ज्या महर्षींनी स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचला, त्यांनाच सुनेचे हे परदेशगमन पसंत नव्हते! पण पतिपत्नींचा निश्चय ढळला नाही. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि नोव्हेंबर १९२८ मध्ये इरावतीबाईंचा जर्मनीतील अभ्यास सुरू झाला. तेव्हा त्यांना तेविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

तो देश कसा होता, हे थोडे पाहू या. जर्मनीचा इतिहास जुना, पण एक राज्य म्हणून ती तशी तरुण. मध्ययुगात तेथे लहानमोठी असंख्य राज्ये नांदत होती. ऱ्हाईन नदीच्या काठी टेकड्याटेकड्यांवर सरदारांचे गड होते. न्यूरेंबर्ग, ल्यूबेक यांसारखी तटबंदीची शहरे आपला कारभार आपणच पाहत. हे सारे तुकडे जोडून १८७१ साली एक साम्राज्य झाले. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या आपल्या परभणीला, तुकड्यांतून देश कसा घडतो हे वेगळे सांगावयास नको. पहिल्या महायुद्धात त्या साम्राज्याचा पराभव झाला आणि १९१८ साली बादशहा गेला. स्त्रियांना मताचा हक्क मिळाला. प्रशियातील विद्यापीठांची दारे मुलींना त्याआधी दहाच वर्षे, १९०८ साली, उघडली होती. मात्र १९२३ साली चलन इतके कोसळले की लोकांची आयुष्यभराची शिल्लक मातीमोल झाली. अशा दुखावलेल्या मनांना आपला वंश सर्वांत श्रेष्ठ आहे, असे कोणी शास्त्राच्या नावाने सांगितले तर ते गोड वाटत होते.

इरावतीबाई बर्लिनच्या ज्या संस्थेत दाखल झाल्या, तेथे मनुष्यवंश व आनुवंशिकता यांचा अभ्यास चाले. संस्था नुकतीच १९२७ साली निघाली होती आणि प्रमुख होते प्रा. ऑयगेन फिशर. युरोपीय लोक बुद्धीने वरचढ, हे त्यांचे ठाम मत. माणसाच्या कवटीच्या दोन बाजू अगदी सारख्या नसतात. हा फरक गोऱ्या लोकांत अधिक असावा व त्याचा संबंध त्यांच्या बुद्धीशी असावा, असा त्यांचा तर्क होता. त्याची तपासणी करण्याचे काम इरावतीबाईंकडे आले.

त्यांनी १४९ कवट्या घेतल्या. काही युरोपीय होत्या, काही इतर खंडांतील. एकेक कवटी हाती धरून तिची डावी बाजू मोजावयाची, उजवी मोजावयाची आणि आकडे टिपून ठेवावयाचे. काम चिकाटीचे होते. शेवटी आकड्यांनी सांगितले ते असे : कवटी सर्वांचीच थोडी वाकडी असते, गोरा वंश आणि इतर वंश यांत तसा काही भेद नाही.

आता त्यांच्या स्थितीचा विचार करा. देश परका, भाषा परकी, अंगावर कर्ज. सासऱ्यांच्या मनाविरुद्ध आलेल्या. पदवी देणार ते हेच गुरू. आकड्यांवर थोडा गुळमुळीत शब्द घातला असता तर कोणाला कळले असते? पण इरावतीबाईंनी आढळले तेच प्रबंधात लिहिले. गुरूंना ते मानवले नाही. तरी आकडे खोडता येत नव्हते. १९३० साली डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या.

पुढे काय झाले ते जगाला माहीत आहे. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले आणि त्यांच्या संस्थेचे शास्त्र नाझी राजवटीच्या सेवेला लागले. युद्धकाळात ऑशविट्झच्या छावणीतून मारलेल्या माणसांचे अवयवसुद्धा तपासणीसाठी या संस्थेत येत. ‘हा वंश उच्च, तो नीच’ या एका वाक्याची किंमत लक्षावधी माणसांनी प्राणांनी दिली.

इरावतीबाईंनी मापनाची विद्या टाकून दिली नाही. स्वदेशी आल्यावर त्यांनी प्रथम महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रारचे काम पाहिले आणि १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन केले. महाराष्ट्रात हिंडून त्यांनी निरनिराळ्या जातींच्या लोकांची मापे घेतली, नात्यागोत्यांची माहिती जमविली. एकाच धंद्याचे नाव लावणाऱ्या जाती मुळात एकाच रक्ताच्या असतात असे नाही, असे त्यांना आढळले. भारतातील आप्तसंबंधांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली निघाला. ‘युगान्त’ १९६७ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

संसार, मुलेबाळे आणि हे सारे काम त्यांनी एकत्रच चालविले. त्या पंढरीच्या वारीतही चालल्या. एकाच दिंडीत ब्राह्मण व मराठा वारकऱ्यांच्या पंगती वेगवेगळ्या बसत, याचे त्यांना दुःख झाले आणि त्यांनी ते लिहून ठेवले. बर्लिनमध्ये गुरूंची भीड धरली नाही, तशी येथे स्वकीयांचीही धरली नाही.

आपल्या जनाबाईंच्या गंगाखेडाहूनही लोक पंढरीला जातात. हळदीकुंकू असो, भोजन असो की भजन, कोणाला आत बोलवावे आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवावे हा प्रश्न आपल्या मंडळापुढेही येतो. सवयीने उत्तर देण्याआधी आपण नीट पाहिले आहे काय, एवढे जरी प्रत्येकीने स्वतःला विचारले, तरी इरावतीबाईंचे स्मरण सार्थकी लागेल.