विश्लेषण : चित्रकारांची मॉडेल स्वतः चित्रकार कशी झाली? कोण होत्या सुझान व्हालादों?

पॅरिसच्या नामवंत चित्रकारांसमोर सुमारे दहा वर्षे मॉडेल म्हणून बसलेल्या एका धोबिणीच्या मुलीने पुढे स्वतः कुंचला हाती घेतला. फ्रेंच चित्रकार आणि मुद्राचित्रकार सुझान व्हालादों (१८६५-१९३८) यांनी स्त्रीदेहाकडे बघण्याची चित्रकलेतील जुनी सवयच मोडली.

बालपण कसे गेले?

लिमोजजवळच्या एका गावात २३ सप्टेंबर १८६५ रोजी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव मारी-क्लेमांतीन. आई अविवाहित होती. कपडे धुऊन, साफसफाई करून तिने पॅरिसच्या मोंमार्त्र भागात मुलीला वाढवले. शाळा लवकर सुटली. मिळतील ती कामे करत त्या सर्कशीत कसरतपटू झाल्या, पण पंधराव्या वर्षाच्या सुमारास पडून जखमी झाल्या आणि सर्कस सुटली.

चित्रकला कुठे शिकल्या?

पॅरिसच्या सरकारी कला महाविद्यालयात १८९७ पर्यंत मुलींना प्रवेश नव्हता आणि खासगी वर्ग परवडणारे नव्हते. पोटासाठी त्या मॉडेल झाल्या. रन्वार यांच्या १८८३ मधील ‘डान्स ॲट बूजिव्हाल’मध्ये नाचणारी तरुणी त्याच. समोरचा चित्रकार काम कसे करतो, हे बघत त्या शिकल्या. वयस्क चित्रकारांसमोर बसते म्हणून तुलूझ-लोत्रेक यांनी बायबलमधील सुझानाच्या कथेवरून गमतीने त्यांना ‘सुझान’ नाव दिले. अठराव्या वर्षी त्यांना मॉरीस हा मुलगा झाला.

देगा यांनी काय पाहिले?

त्यांची रेखाटने पाहून एदगार देगा प्रभावित झाले. त्यांनी ती विकत घेतली आणि मुद्राचित्रणाचे तंत्रही शिकवले. यात धातूच्या पत्र्यावर मेणाचा मऊ थर देऊन त्यावर कागद ठेवतात आणि पेन्सिलीने चित्र काढतात. कागद उचलला की रेषेखालचे मेण निघून येते. तिथे आम्लाने पत्रा कोरला जातो आणि छापात पेन्सिलीचा खरखरीतपणा उतरतो. व्हालादों यांची ठाम रेषा यात खुलली. १८९४ मध्ये राष्ट्रीय ललित कला संस्थेच्या प्रदर्शनात त्यांची रेखाटने झळकली.

वाद कशावरून?

१९०९ च्या ‘ॲडम आणि ईव्ह’मध्ये त्यांनी स्वतःला आणि एकवीस वर्षांनी लहान प्रियकर आंद्रे युतेर याला नग्न रंगवले. स्त्रीने नग्न पुरुष रंगवणे तेव्हा दुर्मीळ होते. पुढे प्रदर्शनासाठी ॲडमच्या कमरेवर पाने रंगवावी लागली, ईव्ह मात्र तशीच राहिली. १९२३ च्या ‘निळी खोली’त पलंगावर पहुडलेल्या बाईच्या अंगात पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, ओठांत सिगारेट आणि शेजारी पुस्तके आहेत. कोणाला रिझवण्याची तिला फिकीर नाही.

मग नाव मागे का पडले?

मद्याच्या आहारी गेलेल्या मुलाला त्यांनीच चित्रे काढायला लावले. तो मॉरीस उत्रिलो इतका गाजला, की आईची ओळख बराच काळ ‘उत्रिलोची आई’ एवढीच उरली. ७ एप्रिल १९३८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा मोंमार्त्रमधील स्टुडिओ आज संग्रहालयाचा भाग आहे. १९३१ मध्ये, पासष्टी गाठल्यावर, त्यांनी स्वतःचे अनावृत छातीचे आत्मचित्र रंगवले. त्यात वय कुठेही लपवलेले नाही.