दामलेमामांचे कान

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले की तासाभरात पेण येते. गणपतीच्या मूर्तींचे आणि पोह्याच्या पापडांचे गाव म्हणून आपण ते ओळखतो. रविवारी अलिबागला निघालेली आमची नवी मुंबईकर मंडळी तिथे गाडी थांबवतात, पापडांची पुडकी घेतात आणि पुढे जातात. याच पेणमध्ये १४ ऑक्टोबर १८९२ रोजी विष्णुपंत गोविंद दामले जन्मले. ‘प्रभात’चे दामले, ‘संत तुकाराम’चे दामले, सगळ्यांचे दामलेमामा.

दिग्दर्शक म्हणून त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला ते आठवतात ते ध्वनिमुद्रक म्हणून. मी नेरूळला राहतो. ध्वनिमुद्रणाची जुनी यंत्रे, त्यातही व्हॉल्व्हचे मायक्रोफोन दुरुस्त करणे हा माझा धंदा. या धंद्यात काम चांगले झाले तर ते कोणाला ऐकूच येत नाही. खरखर गेली की गायिका काय सुरेख गायली, असे लोक म्हणतात, आणि ते योग्यच आहे. पण अशा कामात जन्म काढणाऱ्याला आपल्या आधीच्यांविषयी कुतूहल वाटतेच. तो माग काढता काढता मी विष्णुपंतांपाशी पोचलो.

गंमत अशी की, त्यांची सुरुवात कानाची नव्हे, डोळ्याची. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवीत असत. तरुण दामले त्यांच्या हाताखाली दाखल झाले. शेख फत्तेलाल हे कागलचे चित्रकारही तिथलेच. पुढे आयुष्यभर टिकलेली ही जोडी रंगाच्या वासात जमली. पेंटरांकडे नुसती चित्रकला नव्हती. सिनेमा काढायचा तर कॅमेरा हवा, आणि तो आपणच बनवायचा, असा तिथला खाक्या होता. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये लोकांसमोर आला. कुंचला धरणाऱ्या हाताने दातेरी चाके जुळवली, फीत किती वेगाने सरकते आणि कुठे अडते ते पाहिले. मला वाटते, पुढच्या सगळ्या गोष्टीचे बी इथे पडले. यंत्र बिघडले म्हणजे कोणालातरी बोलवायचे असते, हे ज्याच्या मनात येतच नाही, अशी माणसे अशाच कारखान्यात घडतात.

पुढचा इतिहास घरोघरी माहीत आहे, तेव्हा भरभर सांगतो. दामले-फत्तेलाल यांनी १९२८ मध्ये ‘महारथी कर्ण’ दिग्दर्शित केला. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात ‘प्रभात’ची स्थापना झाली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी असे पाच भागीदार. मूकपट निघू लागले, आणि नाव होत असतानाच आभाळ कोसळले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ झळकला. चित्रे बोलू लागली.

‘आलम आरा’चे बरेचसे चित्रण मध्यरात्रीनंतर झाले, कारण स्टुडिओशेजारून आगगाड्या जात. या एका गोष्टीत बोलपटाची सारी अडचण आली. मूकपटात एखादे दृश्य फसले तर मध्ये पाटी घालून निभावता येई. बोलपटात नट गात असतानाच त्याचे गाणे पकडायचे, वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड बसवायचे, आणि एवढ्यात बाहेर कुत्रे भुंकले की तो तुकडाही गेला आणि फितीचे पैसेही गेले. आधी गाणे मुद्रित करून नंतर ओठ हलवायची सोय कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने आणली, ती १९३५ मध्ये.

‘प्रभात’ने बोलपटात उतरायचे ठरवले आणि ‘अयोध्येचा राजा’ हाती घेतला, तोही मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत. शांतारामांचे दिग्दर्शन, गोविंदराव टेंबे यांचे संगीत आणि त्यांचाच हरिश्चंद्र, दुर्गाबाई खोटे तारामती. ध्वनियंत्रापाशी कोणी बसायचे? विजेचे शास्त्र शिकलेले नसताना दामले बसले. वय चाळिशीला टेकलेले. कंपनीचे भवितव्य त्या यंत्राच्या काट्यावर डुलत होते.

त्यांच्यासमोर काय होते, हे समजायला माझ्या टेबलावरचा एक मायक्रोफोन पुरेसा आहे. कंडेन्सर मायक्रोफोनमध्ये केसाहून कितीतरी पातळ, सोन्याचा मुलामा दिलेला पडदा असतो. आवाजाने तो थरथरतो आणि त्यातून विजेचा क्षीण संकेत निघतो. तो इतका दुबळा की लांब तारेतून जाईपर्यंत मरून जाईल. म्हणून मायक्रोफोनच्या पोटातच व्हॉल्व्ह बसवतात, आजोबांच्या रेडिओत असे तसा काचेचा. बर्लिनच्या गेऑर्ग नॉयमन यांनी १९२८ मध्ये असा मायक्रोफोन बाजारात आणला, आणि १९४९ च्या त्यांच्या ‘यू ४७’ने जगभरच्या गायकांना वेड लावले. आजही लोक तो जिवापाड जपतात.

त्याची खरखर मात्र एकाच जातीची नसते. अखंड ‘घूं’ असेल तर वीजपुरवठ्याकडे किंवा अर्थिंगकडे पाहावे. पत्र्यावर दूर कुठे पाऊस पडावा तशी सूं सूं थोडीशी असायचीच. व्हॉल्व्हमधून वीज सुट्या कणांनी वाहते, तो त्या कणांचा पाऊस. वॉल्टर शॉट्की यांनी १९१८ मध्येच हे दाखवून दिले होते. ती वाढली तर व्हॉल्व्ह म्हातारा झाला असे समजावे. टिचकी मारल्यावर घंटेसारखा नाद रेंगाळला तर व्हॉल्व्हच्या आतले काहीतरी सैल झाले. आणि लाह्या फुटल्यासारखी तडतड असेल तर बहुतेक वेळा ओल. हे घरी उघडून पाहू नये, हेही सांगून ठेवतो. आत शंभराहून अधिक व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही काही वेळ दबा धरून बसतात.

आमच्या खाडीकाठी पावसाळ्यात ही तडतड ठरलेली. एका जुलैत जवळच्या लहानशा स्टुडिओतून निरोप आला. आगरी लग्नात धवले गाणारी एक वृद्ध धवलारीण गाणी मुद्रित करायला आली होती. १९७० मध्ये सिडको आली त्याच्या कितीतरी आधीपासून ही गाणी इथल्या गावांतून तोंडोतोंडी चालत आली आहेत, आणि इतकी गाणी पाठ असलेल्या बाया आता बोटांवर मोजाव्या. बाईंना धाप लागत होती. पुन्हा येणे होईल की नाही, याची खात्री त्यांनाही नव्हती. आणि मायक्रोफोन सुरू केल्यावर दहाव्या मिनिटाला लाह्या! मालकांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून तो रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवला होता. (तांदळाने ओल जाण्यापेक्षा पीठच आत जाते. कृपा करून असे करू नका.)

अशा वेळी एकच नियम पाळायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ऐकायचे. केबल बदलली, तडतड तशीच. वीजपुरवठा बदलला, तशीच. पडद्याचा भाग सोडवून त्याच्या जागी एक छोटा कपॅसिटर लावला. तरी तशीच, म्हणजे पडदा निर्दोष. व्हॉल्व्ह बदलला, तरीही तशीच. उरली ती व्हॉल्व्हच्या तोंडाशी असलेली, टाचणीच्या डोक्याएवढी जोडणी. तिथे रोध शेकडो मेगओहमचा असतो. बोटाचा तेलकट ठसा आणि त्यावर खारी ओल एवढ्यानेही विजेला चोरवाट मिळते. पूर्वी कोणा कारागिराने तिथे डाग दिला होता आणि राळ पुसायची राहिली होती. शुद्ध अल्कोहोलने ती पुसली, मंद दिव्याच्या उबेत रात्रभर सुकवली. दुसऱ्या दिवशी बाई सलग गायल्या. मी बाहेरच्या खोलीत बसून नुसती शांतता ऐकत होतो.

माझ्यापुढे एक मायक्रोफोन होता, बदलायला सुटे भाग होते, आणि निकाल त्या क्षणी कानात मिळत होता. विष्णुपंतांचे तसे नव्हते. मायक्रोफोनकडून व्हॉल्व्हच्या वर्धकाकडे, तिथून आवाजाचा प्रकाश होऊन फितीच्या कडेला, फीत रसायनात, मग सुकवून प्रक्षेपकावर, तेव्हा कुठे कर्ण्यातून ऐकू येणार. यातल्या कुठल्याही टप्प्यावर खरखर जन्मते. फितीवरचा धुळीचा कणसुद्धा बोलतो, आणि रसायनात फीत कमीजास्त राहिली तर स्वर जाडेभरडे होतात. एक गोष्ट बदलून पाहायची, तर फीत धुऊन येईपर्यंत थांबायचे. कोल्हापूरच्या बाजारात बोलपटाचे सुटे भाग मिळावेत, असे ते दिवस नव्हते. पण धुणे, सुकवणे, सरकणे, अडणे ही फितीची दुखणी त्यांना बाबूरावांच्या कारखान्यापासून ठाऊक होती. नवे होते ते एवढेच की, आता ती ऐकू येत होती.

‘आलम आरा’ आज आपल्याकडे नाही; त्याची प्रत नष्ट झाली. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ मात्र टिकून आहे आणि आजही पाहता-ऐकता येणाऱ्या अगदी सुरुवातीच्या भारतीय बोलपटांत त्याची गणना होते. मी तो हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकला आहे. सूं सूं आहे. तिच्यातली यंत्राची किती आणि नव्वद वर्षे झिजलेल्या फितीची किती, हे वेगळे काढता येत नाही, म्हणून ती दामल्यांच्या नावे मांडणे अन्याय होईल. पण त्या पावसाखाली शब्द लख्ख आहेत. टेंब्यांचे गाणे कळते, दुर्गाबाईंचा घरंदाज मराठी उच्चार कळतो. यंत्रापाशी पहिल्यांदाच बसलेल्या माणसाचे हे काम आहे, हे मला दर वेळी स्वतःला बजावून सांगावे लागते.

‘प्रभात’ १९३३ मध्ये पुण्याला आली. १९३६ मध्ये दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ निघाला. गिरगावच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत निवडला गेला. त्याच्या भक्तिरसाविषयी पुष्कळ बोलून झाले आहे. मला त्यात ऐकू येते ती मोकळी जागा. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम गातो तेव्हा त्याच्याभोवती वाद्यांची गर्दी नाही. जिजाई कडाडते तेव्हा तिच्या आवाजाला घराच्या भिंती असल्यासारख्या वाटतात. किती आवाज नको, हे ध्वनियंत्रापाशी बसलेल्या दिग्दर्शकाला जरा जास्तच कळत असावे.

त्यानंतर ‘गोपाल कृष्ण’ झाला, १९४० मध्ये ‘संत ज्ञानेश्वर’ आला. शांताराम १९४२ मध्ये ‘प्रभात’ सोडून गेले. कंपनीचा भार वाहत दामले राहिले, आणि ५ जुलै १९४५ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, पुण्यात वारले. फत्तेलाल त्यांच्यामागे एकोणीस वर्षे जगले.

शांतारामांनी आत्मचरित्र लिहिले, दुर्गाबाईंनी लिहिले, टेंब्यांनी आणि केशवराव भोळ्यांनीही आठवणी लिहून ठेवल्या. माझ्या कपाटात ही पुस्तके ओळीने उभी आहेत. ज्यांनी या सगळ्यांचे आवाज टिपले, त्या दामल्यांचे स्वतः लिहिलेले पुस्तक त्यांत नाही. पुण्यातल्या ‘प्रभात’च्या आवारात १९६० मध्ये सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथे ध्वनिमुद्रणाचा वेगळा अभ्यासक्रम आहे, आणि कानाला हेडफोन लावलेली मुले आजही त्या जुन्या छपराखाली आपल्या फितींतली खरखर शोधत बसलेली असतात.